असली रंग

आमच्या घरी चारचाकी कधी आली नाही. अब्बांची सायकल होती, पुढे भाईजानने स्कूटर घेतली, आणि आम्ही आजही शाळेला एस.टी.नेच जातो. तरीही जगातल्या नामवंत शर्यतीच्या गाड्यांचे रंग आम्हांला नावानिशी पाठ आहेत. याला कारण आमचे मामू. शारजाच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका गॅरेजात त्यांनी चोवीस वर्षं पेंटर म्हणून काढली. कोकणातल्या आमच्या गावात आखाताला गेलेला माणूस नाही असं घर शोधावं लागेल. कुणाचे वडील ड्रायव्हर, कुणाचा भाऊ एसीचा मेकॅनिक. आमचे मामू पेंटर. सुट्टीवर आले की इतरांच्या बॅगांतून अत्तर आणि टॉर्च निघायचे. मामूंच्या बॅगेतून त्याबरोबर रंगांची शेड कार्डं निघायची. गॅरेजात जुनी झालेली, कडा मळलेली. अम्मी म्हणायची, ‘हा कचरा कशाला आणलास?’ मामू ती गुपचूप आमच्या हातात द्यायचे.

पुढे आम्ही बी.एड. केलं, उर्दू माध्यमाच्या शाळेत लागलो. ज्ञाताकडून अज्ञाताकडे जावं हे सूत्र तिथे घोकून घेतलं होतं. रंगांचा पाठ आला की आम्ही ती कार्डं वर्गात नेतो. उर्दूत रंगांची नावं किती नजाकतीची आहेत. उन्नाबी, फिरोजी, प्याजी, धानी, सुरमई. घरी मराठीत आमसुली, अबोली, मोरपंखी, डाळिंबी. बहुतेक नावं फळाफुलांवरून, पाखरांवरून, स्वयंपाकघरातून आलेली. मोटारींच्या कारखान्यांनी मात्र आपली नावं भलतीकडून आणली. शेव्हरोलेच्या १९६३ सालच्या कॉर्व्हेट गाडीचे रंग पाहा. सेब्रिंग सिल्व्हर, डेटोना ब्लू, रिव्हरसाइड रेड. ही तिन्ही अमेरिकेतली मोटारशर्यतींची ठिकाणं. सेब्रिंग सिल्व्हर हवा असेल तर गिऱ्हाइकाला सुमारे ८० डॉलर जादा मोजावे लागत. वर्गातल्या एका मुलीने विचारलं, ‘सर, रंगाचे पण वेगळे पैसे?’ आम्ही म्हटलं, बाई, रंगाचेच तर पैसे असतात. पत्र्याला कोण विचारतं!

सुरुवातीला शर्यतीच्या गाडीचा रंग म्हणजे हौस नव्हती, तो देशाचा गणवेश होता. विसाव्या शतकाच्या आरंभी गॉर्डन बेनेट चषकाच्या शर्यती देशादेशांत होत आणि प्रत्येक देशाला रंग ठरलेला असे. फ्रान्सचा निळा, जर्मनीचा पांढरा, बेल्जियमचा पिवळा. पुढे इटलीचा लाल ठरला. १९०२ ची शर्यत ब्रिटनच्या नेपियर गाडीने जिंकली म्हणून १९०३ ची भरवण्याचा मान ब्रिटनकडे आला. पण तिथे सार्वजनिक रस्त्यावर शर्यतीला कायद्याने बंदी. म्हणून ती आयर्लंडात झाली आणि यजमान भूमीच्या मानाखातर ब्रिटिश गाड्या तिथल्या शॅमरॉक पानाच्या हिरव्या रंगात रंगल्या, असं सांगतात. ‘ब्रिटिश रेसिंग ग्रीन’ म्हणून आज ज्याचा डौल मिरवला जातो, त्याचं मूळ असं शेजारघरचं आहे.

जर्मनीच्या चंदेरी रंगाची कहाणी तर मामू रंगवून सांगायचे. १९३४ साली नियम होता की शर्यतीच्या गाडीचं वजन ७५० किलोच्या वर असता कामा नये. नुर्बुर्गरिंगला आयफेल शर्यतीच्या आदल्या दिवशी मर्सिडीजची गाडी काट्यावर चढवली, ती ७५१ भरली. आता एक किलो कुठून काढायचा? मग रात्रभर बसून पांढरा रंग खरवडला. सकाळी उघड्या अ‍ॅल्युमिनियमची चंदेरी गाडी धावली आणि मॅनफ्रेड फॉन ब्राउखिट्शने तीच जिंकून दाखवली. तिथून ‘सिल्व्हर अ‍ॅरो’ हे नाव रूढ झालं. ही हकीकत मर्सिडीजच्या संघाचे व्यवस्थापक आल्फ्रेड नॉयबाउअर यांनी सांगितलेली. पण इतिहासकार मान हलवतात. त्यांचं म्हणणं असं की ती शर्यत ७५० किलोच्या नियमाखाली झालीच नव्हती, आणि त्याआधी १९३२ मध्येच बर्लिनजवळच्या आव्हुस शर्यतीत ब्राउखिट्शची गाडी बिनरंगाच्या पत्र्याने चकाकत होती. आम्ही हे मामूंना सांगितलं तेव्हा ते हसले. म्हणाले, ‘इतिहासकारांना विचार, रंग खरवडून कधी हातात घेतलाय का? आम्ही जुन्या गाड्यांचे थर काढले की बादलीभर भुसा निघतो. एक किलो काही फार नाही.’

फेरारीचा लाल तर सर्वांना ठाऊक. पण १९६४ साली फेरारीचा जॉन सर्टीस जगज्जेता झाला तो लाल गाडीत नव्हे. एन्झो फेरारी यांचं इटलीच्या मोटार महासंघाशी वाकडं आलं होतं. त्यांच्या २५० एलएम या गाडीला हव्या त्या वर्गात मान्यता मिळवून देण्यात महासंघाने साथ दिली नाही, हा राग. त्या रागात त्यांनी हंगामातल्या शेवटच्या दोन शर्यतींत, वॉटकिन्स ग्लेनला आणि मेक्सिकोला, आपल्या गाड्या अमेरिकेतल्या एका संघाच्या नावाने उतरवल्या. रंग पांढरा आणि निळा. देशाशी रुसलेल्या माणसाने देशाचा रंगच उतरवून ठेवला. पुढच्या हंगामात लाल परत आला, तो आजपर्यंत. रुसवा निघतो, रंग परत चढतो. पण त्या दोन शर्यतींची छायाचित्रं पाहिली की अजूनही अनोळखी पाहुणे घरात बसल्यासारखं वाटतं.

रस्त्यावरच्या गाड्यांना रंगांची मुभा मिळाली ती रसायनशास्त्रामुळे. पूर्वी गाडीला व्हार्निशचे थर हाताने देत आणि ते सुकायला कित्येक आठवडे जात. फोर्डची मॉडेल टी १९१४ ते १९२५ या काळात फक्त काळ्या रंगात मिळे, त्यामागे खर्चाचं आणि कामाच्या वेगाचं गणित होतं. मग ड्युपॉंट कंपनीने नायट्रोसेल्युलोजचा झटपट सुकणारा ‘ड्युको’ आणला, आणि १९२३ मध्ये जनरल मोटर्सने आपल्या ओकलंड गाड्यांना तो निळ्या रंगात दिला. आठवड्यांचं काम तासांवर आलं. आपल्याकडे सुतार लोक कपाटाला गनने दिलेल्या गुळगुळीत रंगाला आजही ‘ड्युको’ म्हणतात. त्यांना ठाऊकही नसेल की हा शब्द एका मोटारीवरून उतरून त्यांच्या कपाटावर चढला आहे.

तरीही नवी गाडी आणताना कारखाने हात राखूनच रंग देत. १९५३ साली पहिली कॉर्व्हेट निघाली. फायबर ग्लासची बॉडी, वर्षभरात अवघ्या ३०० गाड्या, बहुतेक काम हाताने. तीनशेच्या तीनशे पांढऱ्या, आतून लाल. निवड म्हणून नाहीच. पुढच्याच वर्षी निळ्या, लाल, काळ्या आल्या. १९६१ च्या मार्चमध्ये जिनिव्हाच्या प्रदर्शनात जॅग्वारची ई-टाइप उभी राहिली ती गनमेटलच्या करड्या रंगात. लोकांची झुंबड एवढी उडाली की दुसरी गाडी तातडीने मागवावी लागली. नॉर्मन ड्युइस यांनी ती कोव्हेंट्रीहून रातोरात चालवत आणली. ती होती हिरवी. १९६६ मध्ये त्याच जिनिव्हात लॅम्बोर्गिनीची मिउरा आली, ती भडक नारिंगी. पाच वर्षांत दुनिया करड्यावरून नारिंगीवर आली होती.

या नारिंगी-पिवळ्यांची एक गोष्ट मामूंच्या तोंडून ऐकावी. त्या काळातल्या झगझगीत पिवळ्या आणि नारिंगी रंगांत बऱ्याचदा शिशाचं क्रोमेट असे. एका हातात पृष्ठभाग झाकला जाई, आणि उन्हात रंग पेटल्यासारखा दिसे. शिसं विषारी, म्हणून पुढे कारखान्यांनी ते हळूहळू सोडलं आणि सेंद्रिय रंगद्रव्यं आली. आता जुनी गाडी पुन्हा त्याच रंगात करायची तर डब्यावर नाव तेच, आकडा तोच, पण आतला मसाला वेगळा. ‘बल्बखाली जुळतो, बाहेर उन्हात नेला की दगा देतो,’ मामू म्हणायचे. म्हणून ते शेड कधी गॅरेजच्या आत पास करत नसत. पत्र्याचा तुकडा रंगवून अस्रच्या वेळेला बाहेर नेत, तिरप्या उन्हात धरत, मग सावलीत धरत.

सगळ्यांत हट्टी रंग चंदेरी. मेटॅलिक रंगात अ‍ॅल्युमिनियमचे बारीक कपचे तरंगत असतात. गन जवळ धरून ओला हात मारला तर कपचे खाली बसतात आणि रंग गडद येतो. गन लांब धरून कोरडा हात मारला तर ते वरच अडकतात आणि रंग उजळतो. डबा एक, गन एक, पेंटर दोन, तर शेड दोन. मामू सांगायचे, चंदेरी गाडीचा एकच दरवाजा रंगवायचा म्हणजे नमाजेत दुसऱ्याच्या रांगेत उभं राहण्यासारखं आहे. खांद्याला खांदा लागला पाहिजे, पुढेही नाही, मागेही नाही.

चंदेरी म्हटलं की जेम्स बाँडची अ‍ॅस्टन मार्टिन डीबी-५ आठवतेच. १९६४ च्या ‘गोल्डफिंगर’ चित्रपटाने त्या ‘सिल्व्हर बर्च’ रंगाला जगभर नाव मिळवून दिलं. इयान फ्लेमिंगच्या कादंबरीत बाँडची अ‍ॅस्टन मार्टिन आधीच्या मॉडेलची आणि युद्धनौकेच्या करड्या रंगाची आहे. चित्रपटासाठी मशीनगन आणि उडती खुर्ची बसवलेली जी गाडी वापरली, ती मुळात डीबी-५ चा पहिला नमुना होती, आणि तिचा कारखान्यातला रंग होता गडद लाल, ‘ड्युबोने रोसो’. म्हणजे ज्या गाडीमुळे जग चंदेरीच्या प्रेमात पडलं, ती अस्तराखाली लाल होती. १९९७ मध्ये ही गाडी फ्लोरिडातल्या विमानाच्या एका शेडमधून चोरीला गेली. २०२१ मध्ये ती मध्यपूर्वेत कुणाच्या संग्रहात दिसल्याच्या बातम्या ब्रिटिश वृत्तपत्रांत आल्या. आम्ही ताबडतोब मामूंना फोन लावला. पलीकडून उत्तर आलं, ‘मी नाही रंगवली!’

आता दुर्मीळ रंग म्हणजे काय, तेही सांगायला हवं. दुर्मीळ रंग बहुधा तो असतो, जो त्या काळी कुणाला नको होता. १९६७ च्या २२,९४० कॉर्व्हेटपैकी काळ्या अवघ्या ८१५ निघाल्या. तेव्हा लोकांना हिरवी हवी होती. आज काळीमागे पैसेवाले धावतात. सत्तरच्या दशकातल्या तपकिरी आणि वांगी रंगाच्या पोर्शे गाड्यांचंही तसंच. मधल्या काळात अशा कितीतरी गाड्या मालकांनी लाल करून घेतल्या, कारण विकायला लाल बरी. आता तेच लोक बॉनेटच्या आत, दाराच्या फटीत, गालिचाखाली नख घालून मूळ रंगाचा ठिपका शोधतात. जॅग्वारचा वारसा सांभाळणारी संस्था जुन्या नोंदी पाहून दाखला देते, त्यात कारखान्यातून निघतानाचा रंग लिहिलेला असतो. आपल्याकडे आरसी बुकातही रंगाचा रकाना असतोच. दाखल्यावर एक आणि अंगावर दुसरा, की गाडीची किंमत खाली येते.

आणि दाखल्यावरचाच रंग पुन्हा चढवला तरी भागत नाही. आजकाल जाणकार खरेदीदार हातात एक छोटं यंत्र घेऊन येतो. पत्र्याला टेकवलं की रंगाची जाडी मायक्रॉनमध्ये सांगतं. कारखान्याचा थर साधारण शंभर ते दीडशे मायक्रॉनचा. आकडा बराच वर गेला की समजावं, कुणीतरी हात फिरवला आहे. कॉर्व्हेटच्या फायबरवर हे चुंबकाचं यंत्र चालत नाही, तिथे अल्ट्रासॉनिक लागतं. बारीक तडे गेलेला, पातळ झालेला, पण कारखान्यात चढलेला रंग असेल तर त्याला मान जास्त. त्यांच्यात एक म्हण आहे की गाडी नवी कितीदाही होते, असली एकदाच असते.

हे आम्ही मामूंना विचारलं होतं. तुम्ही महिना-महिना राबून, लांबी भरून, पाणीपेपर मारून आरसा केलेली गाडी कुणी मायक्रॉन मोजून ‘असली नाही’ म्हणून बाजूला सारतो, तेव्हा काय वाटतं? मामू थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, ‘आमचं काम चांगलं झालं तर ते दिसत नाही. वाईट झालं तरच दिसतं. त्या कारखान्यात पहिला हात मारणारा पण मजूरच होता ना? त्याचं नाव तरी कुणाला माहीत आहे? मालकाचं नाव दाखल्यावर, रंगाचं नाव दाखल्यावर. त्याचा हात तेवढा आत राहिला. माझाही राहील.’ आम्ही शिक्षक माणसं. आमचाही हात असाच आत राहतो. ते बोलणं आमच्या मनातून गेलं नाही.

पण या रंगाची खरी किंमत मामूंनी भरली ती वेगळ्याच रकान्यात. जुन्या सेल्युलोज रंगाला थिनरचा दर्प असे, डोकं चढे, पण हवा खाल्ली की उतरे. पुढे दोन डब्यांचा रंग आला. एकात रंग किंवा क्लिअर, दुसऱ्यात हार्डनर. चकाकी टिकाऊ, ऊन-पेट्रोल काही लागत नाही, म्हणून जुन्या गाड्यांनाही हाच चढू लागला. या हार्डनरमध्ये आयसोसायनेट नावाची रसायनं असतात. गनमधून त्यांचं धुकं निघतं, आणि बरंचसं डोळ्यांना दिसतही नाही. एकदा का शरीराने त्यांच्याशी वैर धरलं की पुढे नाममात्र वासानेही दमा उसळतो. ब्रिटनमध्ये कामातून जडणाऱ्या दम्याचं हे मोठं कारण मानलं गेलं आहे. कोळशाच्या मास्कवर भरवसा ठेवून भागत नाही. बाहेरून नळीने स्वच्छ हवा पुरवणारा मास्क लागतो. मामूंच्या गॅरेजात तसा एक होता. पेंटर चार होते.

बावन्नाव्या वर्षी मामू कायमचे गावी परतले. पंप खिशात असतो. शेजारी घराला रंग निघाला की मामींना दारं-खिडक्या लावून घ्याव्या लागतात. ज्या माणसाने आयुष्यभर जगातले रंग डोळ्यांनी तोलले, त्याला रंगाचा डबा उघडलेला सोसत नाही.

मागच्या वर्षी दहावीतला एक मुलगा आमच्याकडे आला. त्याचे वडील आखातात गॅरेजातच आहेत. परीक्षा झाली की आपणही पेंटर म्हणून जाणार, त्याने ठरवून टाकलं होतं. त्याला काय सांगावं? जाऊ नको म्हणावं तर त्याच्या घरी दोन बहिणी आहेत आणि गावात काम नाही. जा म्हणावं तर मामूंचा श्वास कानात वाजतो. आम्ही आधी प्रयोग केला. ताटलीत पाणी घेतलं, खाली काळा कागद ठेवला, वरून नेलपॉलिशचा एक पारदर्शक थेंब सोडला. थेंब पसरला आणि पाण्यावर जांभळे, हिरवे, सोनेरी पट्टे उमटले. रंग घातलाच नव्हता. पातळ थराच्या वरून आणि खालून परतलेला उजेड एकमेकांत मिसळतो, काही लहरी वाढतात, काही मरतात, त्यातून हे रंग दिसतात. १९९६ साली फोर्डने मस्टँग कोब्राच्या सुमारे २००० गाड्या अशा रंगात काढल्या की पाहणारा हलला की गाडी हिरवी, जांभळी, सोनेरी दिसावी. २००४ मध्ये पुन्हा १०१० गाड्या, आणि तो रंग तर असा जपला की दुरुस्तीला डबा हवा असला तरी कंपनीच्या देखरेखीखालीच मिळे. आम्ही खिशातून पाचशेची नोट काढून तिरपी केली. तिच्यातला धागा हिरव्याचा निळा झाला. मुलगा म्हणाला, ‘सर, हे तर त्याच गाडीचं!’ आम्ही म्हटलं, जवळजवळ. गन चालवणारे पुष्कळ आहेत. हे जाणणारा पेंटर कमी आहे. आयटीआयची दोन वर्षं कर, रसायन समजून घे, मग जा.

त्याला पटलं की नाही, आम्हांला सांगता येणार नाही. त्याला घेऊन आम्ही मामूंकडे गेलो. मामूंनी जुन्या कार्डावरचे तीन पांढरे ठिपके त्याच्यापुढे धरले आणि विचारलं, यात गरम कोणता, थंड कोणता? मुलाने दोन ओळखले. मामूंना आनंद झाला. मग त्यांनी त्याच्या वहीत स्वतःच्या हाताने यादी लिहून दिली, परदेशी गेल्यावर मालकाकडे काय काय मागायचं त्याची. गनचा नंबर तिसरा होता. हातमोजे दुसरे. पहिल्या ओळीवर त्यांनी हवेच्या नळीचा मास्क लिहिला, खाली दोन रेघा मारल्या आणि म्हणाले, ‘हा देणार नाहीत, तर त्या गॅरेजात डबा उघडायचा नाही. पगार कितीही असो.’ मुलगा म्हणाला, ‘जी, मामू.’ आणि वही दप्तरात ठेवली.